ओटावाने स्टार विकले, पण उशिरा

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, मोठा खेळाडू विकला गेला की तासाभरात चाहत्यांची बेरीज सुरू होते. समोरून किती नावं आली, पहिल्या फेरीचे पिक (नवी मुलं निवडायचे हक्क) किती, त्यातला कोणता पोरगा कुणाच्या यादीत कितवा. तीन नावं आणि दोन पिक म्हणजे ‘बरा सौदा’, दोन नावं आणि एक पिक म्हणजे ‘लूट’. या बेरजेत एक आकडा कधीच नसतो: सौद्याच्या दिवशी त्या स्टारच्या करारात किती दिवस उरले होते. बदल्यात काय मिळणार हे बव्हंशी तो आकडाच ठरवतो, आणि तो फोन उचलण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. ड्राफ्ट पिकांसाठी स्टार विकणं ही संघाची ‘दीर्घकालीन योजना’ म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती बहुतेक वेळा आधीच्या दिरंगाईची वसुली असते, आणि जनरल मॅनेजरला जाब विचारायचा तो तारखेचा.

यासाठी ओटावा सिनेटर्सइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. 25 मे 2017 रोजी हा संघ ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीतला सातवा सामना पिट्सबर्गकडून दुसऱ्या जादा वेळेत हरला. स्टॅनले कपची अंतिम फेरी एका गोलाने हुकली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत मॅट डुशेन आला आणि गेला, एरिक कार्लसन गेला, मार्क स्टोन गेला. प्लेऑफमध्ये परत यायला 2025 उजाडलं.

आयपीएलच्या सवयीच्या वाचकासाठी आधी थोडी पूर्वपीठिका. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. 32 संघ, सात फेऱ्या, म्हणजे साधारण 224 निवडी. त्या वर्षी 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण करणारी मुलं पात्र ठरतात. प्रत्येक संघाला दर फेरीत एक निवड मिळते, आणि तिलाच सगळे पिक म्हणतात. हा पिक पुढच्या दोनतीन वर्षांचाही आधीच देता-घेता येतो. हार्दिक पंड्या 2023 मध्ये गुजरातकडून मुंबईकडे गेला तो निव्वळ पैशांवर. इथे तसं चालत नाही. 1988 मध्ये वेन ग्रेट्झ्कीला एडमंटनने लॉस एंजेलिसला दिलं तेव्हा दीड कोटी अमेरिकन डॉलर रोख मिळाले होते. सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, जमान्यात चलन उरलं ते खेळाडू, पिक आणि कॅपमधली मोकळी जागा.

प्लेऑफला न पोहोचलेले 16 संघ लॉटरीत जातात. यंत्रात 14 चेंडू, त्यातले चार काढायचे, म्हणजे 1001 जोड्या. एक बाद धरून उरलेल्या 1000 संघांना वाटलेल्या. तळाच्या संघाकडे 185, म्हणजे 18.5 टक्के. कुणालाही दहापेक्षा जास्त जागा वर चढता येत नाही, त्यामुळे तळाकडून बाराव्यापासून सोळाव्यापर्यंतचा संघ जिंकला तरी पहिला नंबर तळाच्याच संघाकडे राहतो, आणि त्याची खरी शक्यता 25.5 टक्के होते. तरीही चारातल्या तीन वेळा तो हुकणारच. 2025 मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी दहाव्या जागेवरून, 3.5 टक्क्यांवर, पहिला पिक पटकावला आणि मॅथ्यू शेफर हा बचावपटू घेतला.

आता डुशेन. कोलोराडोच्या या सेंटरने, म्हणजे मधल्या आघाडीपटूने, 2016 च्या अखेरीस संघ बदलून मागितला होता. त्या हंगामात कोलोराडोचे 82 सामन्यांत फक्त 48 गुण झाले. चाहते चिडलेले, खेळाडू नाखूश, आणि कोलोराडोचे जनरल मॅनेजर जो सॅकिक मात्र गप्प. आलेले प्रस्ताव त्यांनी नाकारले, उन्हाळाही जाऊ दिला. ते हटून बसले होते असं तेव्हा लिहिलं गेलं. पण डुशेनचा करार 2019 पर्यंत होता, वर्षाला 60 लाख डॉलरचा. विकत घेणाऱ्याला त्याचे जवळपास दोन पूर्ण हंगाम मिळणार होते, म्हणून थांबण्याची किंमत सॅकिकना फारशी पडत नव्हती. 5 नोव्हेंबर 2017 ला ब्रुकलिनमध्ये सामना चालू असताना पहिल्याच पिरियडमध्ये डुशेनला बर्फावरून बाहेर बोलावलं गेलं, आणि तीन संघांचा सौदा झाला. कोलोराडोला सॅम्युएल जिरार्ड हा तरुण बचावपटू, आणखी काही मुलं, आणि ओटावाचा पहिल्या फेरीचा पिक मिळाला.

सगळी मेख त्या पिकच्या अटीत होती. पिक 2018 चा; पण तो पहिल्या दहात आला तर ओटावाला तो स्वतःकडे ठेवून त्याऐवजी 2019 चा द्यायची मुभा. 2019 च्या पिकला मात्र कसलंही संरक्षण नाही. ओटावाने हा सौदा केला तेव्हा आपण प्लेऑफला जाणार असं त्यांनी धरलेलं होतं. तो हंगाम संपला 67 गुणांवर, 31 संघांत तिसावा. लॉटरीत घसरून पिक चौथा झाला. जून 2018 मध्ये निर्णय घ्यायचा होता: आत्ताचा चौथा पिक ठेवायचा, की तो कोलोराडोला देऊन पुढच्या वर्षीचा वाचवायचा? ओटावाचे जनरल मॅनेजर पिएर डोरियन यांनी चौथा ठेवला आणि ब्रेडी काचक घेतला. पुढच्या हंगामात ओटावा 64 गुणांसह शेवटचा आला, आणि तळाच्या संघाचा पिक कोलोराडोच्या हातात होता. तेव्हा लॉटरीत तीन सोडती व्हायच्या, तिन्हीत नशीब फिरलं नाही, पिक पुन्हा चौथ्यावर आला. कोलोराडोने बोवेन बायरम घेतला.

या निर्णयावरून डोरियन यांची वर्षानुवर्षं टिंगल झाली, ती मला अन्यायाची वाटते. हातात असलेला चौथा पिक आणि पुढच्या वर्षीचा न दिसणारा पिक यांत त्यांनी हातातला ठेवला आणि त्यातून संघाचा पुढचा कर्णधार मिळाला. चूक त्याआधी सात महिने झाली होती. तळाकडे घसरत असलेल्या संघाने, आपण घसरतोय हे न ओळखता, दुसऱ्या वर्षाचा पिक कसल्याही संरक्षणाविना लिहून दिला. कोकणात मोहोरावर बाग विकतात तेव्हा घेणारा पावसापाण्याची जोखीम धरून भाव पाडतो. इथे विकणाऱ्यानेच बागेला कीड लागलेली पाहिली नाही.

आणि डुशेनचं काय झालं? 22 फेब्रुवारी 2019 ला ओटावाने त्याला कोलंबसला दिलं. करारात आता जेमतेम चार महिने उरलेले. मिळालं काय तर दोन होतकरू मुलं, कोलंबसचा 2019 चा पहिल्या फेरीचा पिक, आणि डुशेनने कोलंबसशी नवा करार केला तरच आणखी एक पिक. त्याने केला नाही. 1 जुलैला तो नॅशविलला गेला. म्हणजे तोच खेळाडू, वयाने फक्त पंधरा महिन्यांनी मोठा, त्या हंगामात उत्तम फॉर्ममध्ये. घेताना संघाने दिलेला पिक चौथा ठरला आणि विकताना मिळालेला एकोणिसावा. जिरार्डच्या तोडीचं तर काहीच आलं नाही. डुशेनचा खेळ उतरला नव्हता, करार उतरला होता.

कार्लसनची गोष्ट गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मुद्द्याला सर्वांत मोठा आक्षेप तिथूनच येतो. दोनदा नॉरिस ट्रॉफी (सर्वोत्तम बचावपटूचा किताब) जिंकलेला हा कर्णधार 13 सप्टेंबर 2018 ला सॅन होजे शार्क्सला गेला तेव्हा त्याच्याही करारात एकच हंगाम उरला होता. बदल्यात आले ख्रिस टिअर्नी, डिलन डेमेलो, जॉश नॉरिस, रुडोल्फ्स बाल्सर्स, दुसऱ्या फेरीचा एक पिक आणि पहिल्या फेरीचा एक. त्या दिवशी सगळ्यांनी नाकं मुरडली. पहिल्या रांगेतलं एकही नाव नव्हतं. सॅन होजे 2019 मध्ये प्लेऑफला गेलं, त्यामुळे पिक 2020 चा ठरला. आणि त्या हंगामात शार्क्स कोसळले, वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये तळाला गेले. पिक तिसरा आला. करोनाच्या काळातल्या त्या ऑनलाइन ड्राफ्टमध्ये ओटावा विद्यापीठात शिकलेल्या अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनी आपल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजुषेच्या थाटात नाव पुकारलं: टिम स्टुट्झले. 2022-23 मध्ये त्याने 39 गोल, 51 असिस्ट, एकूण 90 गुण केले.

तेव्हा आजचा चाहता म्हणतो, बघा, पिक घेतले म्हणून तर स्टुट्झले मिळाला. मिळाला हे खरंच. पण हा युक्तिवाद कशावर उभा आहे ते पाहा. 2019 मध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत खेळलेला शार्क्ससारखा संघ त्यानंतर वर्षभरात तळाला जाईल, हे 2018 मध्ये कुणीही धरलेलं नव्हतं, शार्क्सनी तर नाहीच. नाहीतर त्यांनी जून 2019 मध्ये कार्लसनशी आठ वर्षांचा, दरवर्षी 1 कोटी 15 लाख डॉलरचा करार केलाच नसता. ओटावाच्या व्यवस्थापनाचं यातलं श्रेय एवढंच की त्यांनी पिकवर संरक्षणाची अट घालू दिली नाही. ते श्रेय मोठं आहे, हे मान्य. सौद्याच्या बातमीत ‘पहिल्या फेरीचा पिक’ वाचून पुढे जाऊ नका, पहिल्या दहाला किंवा लॉटरीला संरक्षण आहे का ते वाचा. शार्क्सनी 2023 मध्ये कार्लसनला पिट्सबर्गला दिलं तेव्हा आलेला पिक पहिल्या दहासाठी संरक्षित होता, आणि तो चौदावा निघाला. तिसरा आणि चौदावा या दोन्हींना बातमीत एकच शब्द असतो.

स्टोनबद्दल थोडक्यात, कारण तिथे वाद घालण्यासारखं काही उरलेलंच नाही. 2010 च्या ड्राफ्टमधला 178 वा, सहाव्या फेरीतला हा विंगर ओटावाने स्वतः घडवला. 2018 च्या उन्हाळ्यात तो अजून संघाच्या हक्कात होता. लवादापर्यंत प्रकरण गेलं, आणि ऑगस्टमध्ये एका वर्षाचा 73.5 लाख डॉलरचा करार झाला. खेळाडू गमावला तो त्या दिवशी. एका वर्षाच्या करारावर असलेल्या खेळाडूशी मुदतवाढ 1 जानेवारीआधी करताच येत नाही, आणि जुलैत तो मोकळा होणार होता. म्हणजे बोलणीला सहा महिने, त्यातही फेब्रुवारीच्या अखेरीस ट्रेडची मुदत. 25 फेब्रुवारीला, मुदतीच्या दिवशी, तो वेगासला गेला. मिळाले एरिक ब्रॅनस्ट्रॉम, ऑस्कर लिंडबर्ग आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक. वेगासने स्टोनला आठ वर्षांसाठी बांधलं, कर्णधार केलं, आणि 2023 मध्ये कप जिंकून देणाऱ्या सामन्यात त्याने तीन गोल केले. ब्रॅनस्ट्रॉमला ओटावाने 2024 मध्ये पात्रता प्रस्तावसुद्धा (खेळाडूवरचा हक्क राखण्यासाठीचा किमान करार) दिला नाही.

ब्रॅनस्ट्रॉम 2017 च्या ड्राफ्टमधला पंधरावा. कार्लसन 2008 च्या ड्राफ्टमधला पंधरावा. दोघंही स्वीडिश, दोघंही अंगाने लहान, पक (खेळायची चकती) घेऊन पळणारे बचावपटू. ‘आपल्याला पुढचा कार्लसन मिळाला’ असं म्हणणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होती.

म्हणून होतकरू मुलांवरच्या चर्चेत थोडं वेगळं काही बघावं असं वाटतं. मुलाचे गुण मोजताना आधी जन्मतारीख बघा. पात्रतेची रेघ 15 सप्टेंबर असल्यामुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळपास एक वर्षाचं अंतर असू शकतं, आणि सतराअठराव्या वर्षी ते अंतर फार मोठं असतं. ओंटारियोच्या ज्युनिअर लीगमध्ये समवयस्कांविरुद्ध केलेले 90 गुण आणि स्वीडन-फिनलंडच्या वरच्या लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध, सामन्याला दहाबारा मिनिटं खेळून केलेले 20 गुण एका तराजूत घालता येत नाहीत. पॉवरप्लेवरचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेपायी बाहेर असतानाचे, गुण वेगळे काढा. पाचास पाच खेळताना काय राहतं ते पाहा. मेमहिन्याच्या जागतिक स्पर्धांवर भाळू नका. आणि मुलांच्या शारीरिक चाचण्यांचा जो आठवडा असतो त्यात सायकल, उड्या, पकडीची ताकद सगळं मोजतात, स्केटिंग सोडून. हा विनोद नाही. बर्फ नसतोच तिथे.

एवढं सगळं पाहूनही चुका होतात. 2019 मध्ये सगळा वाद ‘जॅक ह्यूज की काप्पो काको’ असा होता. काकोने फिनलंडच्या लीगमध्ये 45 सामन्यांत 22 गोल केले होते, त्या वयाच्या मुलाने तिथे कधी केले नव्हते इतके. वर जागतिक स्पर्धेचं सुवर्णपदक. न्यूयॉर्क रेंजर्सनी दुसऱ्या क्रमांकावर घेतला आणि साडेपाच वर्षांनी सिअ‍ॅटलला देऊन टाकला. त्याच ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने सहाव्यावर मॉरिट्झ साइडर घेतला तेव्हा लोक हसले होते. 2022 चा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. बचावपटू आणि गोलरक्षक यांचं तर आणखी कठीण, त्यांना पिकायला तीनचार वर्षं जास्त लागतात.

वेळेचा हा हिशेब चाहते सर्वांत कमी करतात. डुशेनच्या सौद्यातला पिक: सौदा नोव्हेंबर 2017, निवड जून 2019, बायरमचा पहिला सामना जानेवारी 2021, कोलोराडोचा कप जून 2022. साडेचार वर्षं, आणि तीही सॅकिककडे नेथन मॅकिनन, केल मकार आधीपासून होते म्हणून. कार्लसनचा पिक: सौदा सप्टेंबर 2018, स्टुट्झलेचा पहिला प्लेऑफ सामना एप्रिल 2025. साडेसहा वर्षं. मधल्या काळात हंगामी पास घेणारा माणूस नक्की काय विकत घेत होता? ओटावाच्या कनाटा उपनगरातलं ते रिंगण शहराच्या मध्यापासून लांब, हिवाळ्यात गाडी काढून जायचं, आणि समोर तळाचा संघ. मार्च 2018 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून मालक युजीन मेल्निक यांच्या विरोधात शहरात फलक लावले, ते काही एका हरलेल्या सामन्यामुळे नव्हतं. मालकाला पैसा वाचवायचा असतो तेव्हा ‘पिक गोळा करतोय’ हे वाक्य फार सोयीचं असतं. पिकला पगार द्यावा लागत नाही.

मग पिकांऐवजी तयार खेळाडू मागावेत का? साधारणपणे हो, पण डोळे मिटून नाही. 2022 च्या जुलैत ब्रेडीचा थोरला भाऊ मॅथ्यू काचक याने कॅलगरीशी लांबचा करार नाकारला. कॅलगरीने पिकांच्या मागे न लागता फ्लोरिडाकडून जोनाथन ह्युबर्डो आणि मॅकेन्झी वीगर घेतले. ह्युबर्डो नुकताच 115 गुण करून आलेला. टाळ्या वाजल्या. पण तो 29 वर्षांचा होता, त्याच्याही करारात एकच वर्ष उरलं होतं, आणि कॅलगरीने एकही सामना खेळण्याआधी त्याला आठ वर्षं, दरवर्षी 1 कोटी 5 लाख डॉलर दिले. पुढच्या हंगामात गुण झाले 55. काचक 24 वर्षांचा. फ्लोरिडाने 2024 आणि 2025 चा कप जिंकला. घ्यायचाच तर 22 ते 25 वयाचा, एनएचएलमध्ये एकदोन हंगाम खेळून सिद्ध झालेला, आणि निदान तीनचार वर्षं आपल्या हक्कात राहील असा. जॅक आयकलच्या बदल्यात बफेलोला मिळालेल्यांत सर्वांत उपयोगी ठरला तो पिक नव्हे, अ‍ॅलेक्स टक. तेव्हा 25 वर्षांचा, करार हातात असलेला. 1992 मध्ये एरिक लिंड्रॉसच्या बदल्यात क्युबेकला मिळालेल्या ढिगातलं सोनं म्हणजे पीटर फोर्सबर्ग, जो आधीच ड्राफ्ट झालेला, पाहिलेला, पारखलेला होता.

आयकलच्या सौद्यात आणखी एक घड्याळ होतं. त्याचा करार 2026 पर्यंत होता, पण ‘मला विचारल्याशिवाय हलवायचं नाही’ ही अट जुलै 2022 पासून लागू होणार होती. असं कलम खेळाडू मुक्त होण्याच्या पात्रतेला, म्हणजे 27 वर्षं किंवा सात हंगाम, पोहोचल्यावरच अमलात येऊ शकतं. मानेच्या शस्त्रक्रियेवरून वाद विकोपाला गेला असताना बफेलोने नोव्हेंबर 2021 मध्ये त्याला विकलं, कारण आठ महिन्यांनी कुठे जायचं ते तोच ठरवणार होता. हे कलम लागू झालं की खरेदीदार तीसएक संघांवरून एकदोनांवर येतात, आणि भाव कोसळतो. करार किती वर्षांचा हे सगळ्यांना पाठ असतं, हे कलम कोणत्या तारखेला जागं होतं ते फार थोड्यांना.

काही करारांत दहा संघांची नकारयादी असते, ती ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायची असते. याच यादीने ओटावाला पुन्हा बुडवलं. 2021 मध्ये येवगेनी डाडोनोव्ह वेगासला दिला. वेगासने मार्च 2022 मध्ये त्याला अ‍ॅनाहाइमला पाठवायचा प्रयत्न केला, तेव्हा कळलं की अ‍ॅनाहाइम त्याच्या नकारयादीत आहे, आणि ती यादी ओटावाकडून वेगासपर्यंत पोहोचलीच नव्हती. लीगने सौदा रद्द केला, आणि 1 नोव्हेंबर 2023 ला ओटावाला शिक्षा सुनावली: 2024, 2025 किंवा 2026 यांपैकी एका वर्षी पहिल्या फेरीचा पिक सोडायचा. डोरियन त्याच दिवशी पायउतार झाले. एका कागदाच्या घोळापायी पहिल्या फेरीचा पिक.

पुढच्या काही वर्षांत या सगळ्याला वेगळी धार येणार आहे, कारण कॅप वेगाने वाढतेय. 2019-20 मध्ये 8 कोटी 15 लाख डॉलर होती आणि दोन वर्षं तिथेच अडकली. 2025-26 साठी 9 कोटी 55 लाख, 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख, त्यापुढे 11 कोटी 35 लाख. कार्लसनचे 1 कोटी 15 लाख तेव्हा कॅपच्या 14 टक्के होते. 10 कोटी 40 लाखांत तेच 11 टक्के. म्हणजे तरुण स्टारला लांब करारात बांधणं आज त्या काळापेक्षा स्वस्त आहे, आणि नंतर करू म्हणून टाळणं महाग. किरिल कप्रिझोव्हने सप्टेंबर 2025 मध्ये मिनेसोटाशी दरवर्षी 1 कोटी 70 लाखांचा करार केला. त्याला मिनेसोटाने 2015 मध्ये पाचव्या फेरीत, 135 वा घेतला होता. कोलोराडोने मात्र जानेवारी 2025 मध्ये, करार संपायला पाच महिने उरले असताना, मिको रांटानेन कॅरोलायनाला दिला. तिथेही मुदतवाढ जमली नाही, मार्चमध्ये तो डॅलसला गेला, आठ वर्षांसाठी सही केली, आणि मेमध्ये सातव्या सामन्याच्या तिसऱ्या पिरियडमध्ये तीन गोल करून कोलोराडोलाच बाहेर काढलं. 2017 मध्ये डुशेनसाठी थांबू शकलेल्या कोलोराडोला इथे थांबता आलं नाही. दोन्ही वेळी कारण एकच, करारातले उरलेले दिवस.

चाहत्यांनी तारखेवर जाब विचारायचा म्हटला तर तारीख कळायला हवी, आणि इथे लीग हात वर करते. पगार, कलमं, पिकांच्या अटी यांची संपूर्ण अधिकृत यादी एनएचएल लोकांपुढे ठेवत नाही. वर्षानुवर्षं हे काम चाहत्यांनी उभारलेल्या खासगी संकेतस्थळांनी केलं. त्यांतलं सर्वांत भरवशाचं, कॅपफ्रेंडली, 2024 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सनी विकत घेतलं आणि जुलैत ते लोकांसाठी बंद झालं. इतरांनी जागा भरून काढली, पण उद्या त्यांनाही कुणी विकत घेईल. ज्या खेळात करारातल्या एका कलमापायी पिक जप्त होतो, तिथे ते कलम लीगच्या स्वतःच्या पानावर नसावं हे विचित्र आहे. करार कधी संपतो, मुदतवाढीची बोलणी कोणत्या दिवसापासून करता येतात, नकाराचं कलम कधी लागू होतं, दिलेल्या पिकवर कोणती अट आहे, हे सगळं लीगने जाहीर करावं. नकारयादीतल्या संघांची नावं हवी तर गुप्त ठेवा. यादी किती संघांची आणि ती द्यायची शेवटची तारीख कोणती, एवढं तिकीट काढणाऱ्याला सौद्याच्या आधी कळायला कुणाची हरकत असावी?